दोन स्टेप कुठून मोजायच्या? ट्रॅव्हलिंग आणि पिव्हट पायाबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी शाळेच्या १४ वर्षांखालच्या बास्केटबॉल संघात खेळते. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत एकाच सामन्यात तिच्यावर पुन्हा पुन्हा ट्रॅव्हलिंगची, म्हणजे बॉल हातात धरून नियमाबाहेर पाय हलवल्याची, शिट्टी वाजली. शाळेतले सर सांगतात, "दोनच स्टेप, तिसरी टाकायची नाही." आणि घरी मोबाइलवर बघावं तर एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचे खेळाडू उघड तीन पावलं टाकून बास्केट करतात, तिथे कुणी शिट्टी वाजवत नाही. मग नियम नक्की काय आहे, आणि पिव्हटचा, म्हणजे जमिनीवर रोवून ठेवायचा, पाय कोणता धरायचा?

मी बरीच वर्षं मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतोय आणि सामन्यांत पंच म्हणूनही उभा राहतो. हा प्रश्न मला बाकावरूनही येतो आणि प्रेक्षकांतूनही. माझ्या मते तुमच्या लेकीची अडचण दोन की तीन ही नाहीच. मोजायला सुरुवात कुठून करायची हे तिला कुणी नीट दाखवलेलं नाही, ही खरी अडचण आहे. ट्रॅव्हलिंग पायांनी होतं, पण त्याचा हिशेब हातापासून सुरू होतो. बॉल हातात कधी आला आणि त्या क्षणी कोणता पाय जमिनीवर होता, एवढं कळलं की पुढचं बहुतेक सगळं आपोआप सुटतं.

तो सामना मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्या शिट्ट्या बरोबर होत्या की चूक हे मी सांगू शकत नाही. पंच कोणत्या कोनात उभे होते, कोर्ट सिमेंटचं होतं की लाकडी, तिच्या बुटांना पकड होती की नाही, बॉल घेताना ती धावत होती की उभी होती, यावर ते ठरतं. एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. या वयात ट्रॅव्हलिंग जास्त करून ले-अपला (पळत जाऊन बास्केटजवळून बॉल टाकताना) होत नाही, ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटत नेणं) सुरू करताना होतं. म्हणजे सर ज्या दोन स्टेपबद्दल ओरडतायत ती जागा वेगळी आणि मुलीची चूक होतेय ती जागा वेगळी, असं असण्याची शक्यता मोठी आहे.

नियमाचं मूळ समजलं की तो पाठ करावा लागत नाही. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ सुरू केला. त्यांना असा खेळ हवा होता ज्यात बॉल असलेल्या माणसाला धरून खाली पाडावं लागणार नाही. त्यांचा विचार सरळ होता: बॉल घेऊन पळताच येत नसेल, तर त्याला पाडायची गरजच काय? म्हणून त्यांच्या मूळ तेरा नियमांतला तिसरा नियम सांगतो की बॉल घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच फेकायचा. पण त्याच नियमात त्यांनी एक सवलतही ठेवली. जो भरधाव पळताना बॉल पकडतो आणि थांबायचा प्रयत्न करतो, त्याला थोडी मोकळीक द्यावी. ड्रिबल तेव्हा नव्हतंच, ते नंतर आलं. आजचा पिव्हट हा त्या नियमाच्या पहिल्या भागातून आला आणि आजच्या दोन स्टेप दुसऱ्या भागातून. उभ्या खेळाडूला एक हिशेब आणि पळत्या खेळाडूला दुसरा, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. गोंधळ होतो तो हे दोन हिशेब एकमेकांत मिसळल्यामुळे.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. ड्रिबल चालू असताना स्टेप मोजतच नाहीत. बॉल उडतोय, हाताखाली येतोय, पुन्हा खाली जातोय, तोवर मुलीने एका टप्प्यात दोन पावलं टाकली काय आणि पाच टाकली काय, ट्रॅव्हलिंग नाही. प्रेक्षकांतून "स्टेप्स, स्टेप्स!" अशी आरोळी उठते ती पुष्कळदा अशा वेळी, आणि ती चुकीची असते. मोजणी सुरू होते बॉल ताब्यात आल्यावर. म्हणजे दोन्ही हात एकाच वेळी बॉलला लागले, किंवा बॉल एका हातावर विसावला, तेव्हा. बॉल नुसता हाताला लागून निसटला, घरंगळला आणि तिने पळत जाऊन पुन्हा धरला, तर त्या धडपडीत ताबा नाही, म्हणून ट्रॅव्हलही नाही.

आता उभा हिशेब. तुमच्या मुलीसाठी सगळ्यात महत्त्वाचा हाच.

ती दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभी आहे आणि तिला पास आला. या क्षणी पिव्हट ठरलेला नाही. दोन्ही पाय सारखे मोकळे आहेत. ज्या क्षणी ती एक पाय उचलेल, त्या क्षणी दुसरा पाय पिव्हट झाला, आणि आता तो बदलता येत नाही. मी मुलांना कंपासपेटीतलं कर्कटक आठवायला सांगतो: टोक रोवलेलं, पेन्सिल हवी तितकी फिरवा, पण टोक सरकलं की वर्तुळ बिघडलं. पिव्हट पायाच्या चवड्यावर गोल फिरता येतं, टाच उचलली तरी चालते. मोकळा पाय पुढे, मागे, बाजूला कितीही वेळा टाकता येतो. तिथे स्टेपची मर्यादा नाही. मर्यादा वेळेची आहे. बचाव करणारी खेळाडू एक मीटरच्या आत, नियमाप्रमाणे अंगासमोर उभी राहून अडवत असेल, तर पाच सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल करावाच लागतो.

या स्थितीतून तीनच वाटा आहेत, आणि पिव्हट पायाचा नियम तिन्हींना सारखा नाही. पास किंवा शॉट करायचा असेल तर पिव्हट पाय उचलता येतो. अट एवढीच की तो जमिनीला परत लागायच्या आत बॉल हातातून सुटला पाहिजे. ड्रिबल सुरू करायचा असेल तर मात्र उलट: आधी बॉल हातातून सुटला पाहिजे, मग पिव्हट पाय उचलायचा. हा फरक मुलांना सांगितलाच जात नाही. "पिव्हट उचलायचा नाही" एवढं एक वाक्य सांगून प्रशिक्षक पुढे जातात. त्यामुळे शॉटच्या वेळी मुलं विनाकारण जमिनीला खिळून राहतात आणि ड्रिबलच्या वेळी बिनदिक्कत पाय उचलतात.

चूक कशी होते ते जवळून बघा. मुलगी उजव्या हाताची आहे, डावा पाय पिव्हट. समोरची मुलगी अंगावर आली, हिने उजवा पाय लांब पुढे टाकला. इथपर्यंत ठीक. आता शरीराचं सगळं वजन उजव्या पायावर गेलं, त्यामुळे डावा पाय स्वाभाविकपणे मागून सुटतो. बॉल मात्र अजून कमरेपाशी दोन्ही हातांत आहे, कारण तो दाबायची तिची सवय पाऊल टाकून झाल्यानंतरची आहे. डाव्या पायाचा अंगठा जमीन सोडतो, आणि त्यानंतर बॉल खाली जातो. फरक डोळ्याची पापणी लवावी इतकाच, पण बाजूने पाहणाऱ्या पंचाला तो स्वच्छ दिसतो. पंच दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवतात, बॉल दुसऱ्या संघाला मिळतो, आणि मुलीला वाटतं, "मी तर एकच स्टेप टाकली!" तिचं म्हणणं खरंच आहे. एकच टाकली. पण इथे स्टेप मोजत नव्हते, पिव्हट पाय पाहत होते.

याच जागी आणखी एक चूक होते. मुलगी उजव्या पायाने जॅब मारते, म्हणजे पाय जोरात पुढे टाकून फसवते आणि परत आणते. दोन्ही पाय पुन्हा पहिल्या जागी आले, म्हणून तिला वाटतं आता सगळं नव्याने सुरू. मग ती डावा पाय पुढे टाकून निघते. उजवा पाय एकदा उचलला तेव्हाच डावा पिव्हट ठरला होता. पाय परत आणला म्हणून तो हिशेब पुसला जात नाही. डाव्याने सुरुवात केली की ट्रॅव्हल.

आता पळता हिशेब, म्हणजे मोबाइलवरच्या तीन पावलांचं उत्तर.

फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने १ ऑक्टोबर २०१७ पासून नियमाच्या भाषेत स्पष्टता आणली, आणि आपल्याकडचे संघटनेचे तसेच शालेय सामने फिबाच्या नियमांनीच होतात. खेळाडू हालचालीत असताना बॉल ताब्यात आला आणि त्या क्षणी एक पाय जमिनीवर असेल, तर तो पाय मोजायचा नाही. त्यानंतर जमिनीला लागणारा पाय ही पहिली स्टेप, त्याच्यापुढचा दुसरी. न मोजलेल्या त्या पायाला सगळे झीरो स्टेप म्हणतात. बघणाऱ्याला जमिनीवर तीन पाय पडलेले दिसतात: झीरो, एक, दोन. नियमात त्या दोनच. एनबीएनेही २०१९ मध्ये आपल्या नियमपुस्तकात बॉल गोळा करण्याचा क्षण कोणता, हे शब्दांत लिहून घेतलं. तरी त्यांचं पुस्तक वेगळं आणि फिबाचं वेगळं. अमेरिकेतल्या शाळा आणि कॉलेजांची पुस्तकं आणखी वेगळी. म्हणून यूट्यूबवर कुणीतरी "हे लीगल आहे" म्हणतो तेव्हा तो कोणत्या पुस्तकाबद्दल बोलतोय ते आधी पाहा.

उजव्या हाताचा ले-अप घ्या. शेवटचा ड्रिबल वर येतो, बॉल हातात बसतो, तेव्हा डावा पाय जमिनीवर आहे. तो झीरो. मग उजवा: एक. मग डावा: दोन, आणि त्यावरून उडी. हे पूर्ण नियमात आहे. आता तीच मुलगी, पण बॉल ताब्यात आला तेव्हा दोन्ही पाय हवेत होते. मग झीरो नाही. जमिनीला लागणारा पहिला पाय हीच पहिली स्टेप. दिसायला पावलं कमी, हिशेब तोच.

इथे एक अट आहे जी झीरो स्टेपच्या उत्साहात मुलं विसरतात. ताबा आल्यावर एकच पाय लागोपाठ दोनदा जमिनीला लावता येत नाही. उजव्यावर बॉल घेतला आणि उजव्यावरच लंगडीसारखी उडी टाकली, तर ट्रॅव्हल. दोन्ही पायांवर टेकून पुन्हा दोन्ही पायांवर उडी मारली, तरी ट्रॅव्हल. स्टेप-बॅक शिकणाऱ्या मुलांकडून हे सर्रास होतं. पाय अदलाबदलीने पडले तरच तो मागे सरकणारा शॉट नियमात बसतो.

आणि झीरो स्टेप उभ्या खेळाडूला मिळत नाही. शाळेतली मुलं व्हिडिओ पाहून, उभ्याने पास घेऊन, तीन पावलं चालत जातात आणि वर "झीरो स्टेप होती सर" म्हणतात. ती सवलत वेगात असलेल्याला थांबण्यासाठी आहे, नेस्मिथ यांच्या मूळ नियमात होती तशीच.

आता सगळ्यात जास्त गोंधळाची जागा. पळताना पास घेतला आणि थांबायचंय, पास द्यायचाय किंवा शॉट मारायचाय, तर दोन स्टेप मिळतात. पण पळताना पास घेऊन ड्रिबल सुरू करायचा असेल तर दुसरी स्टेप पडायच्या आत बॉल हातातून सुटला पाहिजे. म्हणजे संपवताना दोन, सुरू करताना एक. फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे झटपट प्रतिहल्ल्यात, पास मिळालेली मुलगी "दोन स्टेप मिळतात" हे घोकत दोन टाकते, मग बॉल दाबते, आणि शिट्टी वाजते. सरांचं वाक्य चूक नाही, पण अर्धं आहे. तुमच्या मुलीला ते पूर्ण करून द्या.

थांबण्याबद्दलही बोलायला हवं, कारण पिव्हट पाय कोणता हे थांबण्यावरून ठरतं. पळत येऊन एक-दोन असं थांबलं, तर पहिल्या स्टेपचा पाय हाच पिव्हट. दुसऱ्यावर फिरता येत नाही. उडी घेऊन दोन्ही पाय एकदम टेकले, म्हणजे जंप स्टॉप केला आणि तीच पहिली स्टेप असेल, तर कोणताही पाय पिव्हट म्हणून निवडता येतो. पण एका पायावर पहिली स्टेप झाली, त्यावरून उडी मारली आणि दुसऱ्या स्टेपला दोन्ही पाय एकदम टेकले, तर पिव्हट उरतच नाही. तिथून पास किंवा शॉट करता येतो, त्यासाठी उडी मारता येते, पण फिरायला म्हणून एक पाय उचलून पुन्हा टेकवला की ट्रॅव्हल. दोन्ही जंप स्टॉप बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. फरक असतो उडीच्या आधीच्या पायात: तो झीरो होता की एक? आणि ते ठरतं बॉल केव्हा हातात आला त्यावरून. म्हणून म्हटलं, हातापासून मोजा.

हातावरून आठवलं, लहान चणीच्या मुलींच्या ले-अपमध्ये जे ट्रॅव्हल होतं त्याचं कारणही हातातच असतं. बॉल हरवेल या भीतीने त्या ड्रिबल फार लवकर बंद करतात, दोन्ही हातांनी बॉल छातीशी घट्ट धरतात. फ्री-थ्रो लाइनपाशी बॉल धरला तर रिंगचा मध्य तिथून साधारण सव्वाचार मीटर लांब असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची दोन पावलं तिला तिथपर्यंत नेत नाहीत, मग तिसरं पडतं. तिला "दोनच स्टेप" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. आणखी एक ड्रिबल टाकून आत ये, एवढं सांगितलं की पाय आपोआप सुधारतात.

कोणत्या गोष्टींवर शिट्टी वाजू नये, तेही सांगतो, कारण स्थानिक सामन्यांत पंचांकडूनही इथे गडबड होते. एक म्हणजे अप-अँड-अंडर. मुलगी शॉटची हूल देते, बचाव करणारी उडते, ही मोकळा पाय तिच्या बगलेतून पुढे टाकते, मग पिव्हट पाय उचलते आणि तो परत टेकायच्या आत शॉट मारते. पिव्हट उचललेला दिसला की काही पंच लगेच मुठी फिरवतात. पण शॉटसाठी पिव्हट उचलणं नियमात आहे. दुसरं, खाली पडलेली खेळाडू. बॉल घेऊन पडली आणि घसरत गेली, ट्रॅव्हल नाही. जमिनीवर पडल्या पडल्या बॉल मिळवला, तेही ट्रॅव्हल नाही. मात्र बॉल धरून ती लोळली किंवा उठायला लागली, की ट्रॅव्हल. त्या स्थितीत बसल्या जागेवरून पास द्यावा, किंवा आधी ड्रिबल सुरू करावा आणि मग उठावं. तिसरं, बाहेरून बॉल आत देणारी खेळाडू. ती कोर्टच्या बाहेर आहे, तिला पिव्हट नाही. तिला वेगळं बंधन आहे: ठरलेल्या जागेपासून बाजूला एकूण एक मीटरपेक्षा जास्त सरकायचं नाही. पण बास्केट झाल्यावर बेसलाइनमागून बॉल देताना तेही बंधन नसतं.

उलट बाजूची एक गोष्ट. जंप शॉटसाठी उडी मारली, समोर हात आला, शॉट सुचला नाही आणि बॉल घेऊनच खाली आली, तर ते ट्रॅव्हल. घाबरून हवेतूनच बॉल जमिनीवर टाकला आणि ड्रिबल सुरू केला, तरी ट्रॅव्हलच, कारण पिव्हट तोवर उचलला गेलेला असतो. हवेत अडकलं तर पासच द्यायचा, हे मुलींना आधीपासून माहीत हवं.

पंचांच्या बाजूनेही थोडं. कुणी बॉल पकडला की आम्ही आधी तिचे पाय पाहतो, पिव्हट मनात नोंदवतो आणि मग वर बघतो. दोनच पंच असतात, दहा खेळाडू असतात, आणि कधीकधी त्या क्षणी नजर स्क्रीनवर (वाट अडवून उभ्या राहिलेल्या खेळाडूवर) किंवा पोस्टमधल्या, म्हणजे बास्केटजवळच्या, धक्काबुक्कीवर असते. पिव्हट कोणता हे पाहिलंच नसेल तर शिट्टी वाजवू नये, असं मी नव्या पंचांना निक्षून सांगतो. हालचाल विचित्र दिसली म्हणून ट्रॅव्हल देणं हा मुलांवर अन्याय आहे. वेगळं खेळणारी, काहीतरी नवं शिकलेली मुलगी त्यातच मार खाते. शिट्ट्या एका सामन्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी का, याचं बरंचसं उत्तर यात आहे. शिवाय धुळीच्या सिमेंट कोर्टवर झिजलेल्या बुटांचा पिव्हट पाय वीतभर घसरतो. खेळाडूचा हेतू काहीही असो, पाय जागेवरून गेला की गेला. सामन्याआधी ओल्या फडक्यावर बुटांचे तळवे पुसायची सवय लावा, आणि बूट गुळगुळीत झाले असतील तर बदला.

आता, पिव्हटचा पाय कोणता धरायचा? यावर प्रशिक्षकांत एकमत नाही. काही जण बास्केटच्या बाजूचा पाय पिव्हट करायला शिकवतात, म्हणजे कोर्टच्या डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळा. काही जण कायम एकच. तुमची मुलगी १४ वर्षांखाली आहे, उजव्या हाताची असावी असं धरतो. मी तिला उभ्या झेलावर कायम डावा पिव्हट शिकवेन. एक पाय पक्का असला की घाईत निर्णय घ्यावा लागत नाही, आणि शॉट, जॅब आणि ड्राइव्ह (ड्रिबल करत बास्केटकडे मुसंडी) तिन्ही उजव्या पायाने सुरू होतात. पळताना मात्र जंप स्टॉप. दोन्ही पाय एकदम टेकले की पिव्हट निवडायची मुभा राहते आणि तोलही राहतो. सतराच्या गटात गेली आणि पाय स्थिरावले की मग दुसरा पायही शिकवता येईल. डावखुरी असेल तर हे सगळं उलटं करा.

सरावासाठी कोर्टवर खडूने तिच्या डाव्या बुटाभोवती रेघ ओढा. पास द्या, जॅब, परत, ड्राइव्ह. बॉल जमिनीवर आपटल्याचा आवाज आणि डावा पाय रेघेतून निघणं, यात आवाज आधी यायला हवा. सुरुवातीला अगदी सावकाश, चालत करा. उजवा पाय पुढे जाताना बॉलही त्याच्यासोबत, त्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, खाली गेला पाहिजे. पाऊल पडल्यावर नव्हे, पडता पडता. हा ताल बसला की वेग वाढवा. वेगात पुन्हा बिघडेल, तेव्हा पुन्हा सावकाश करा. ले-अपसाठी तिला मोठ्याने मोजायला लावा, पण "एक-दोन" नव्हे. बॉल हातात बसला की "बॉल", मग "एक", मग "दोन". "बॉल" हा शब्द तोंडातून येऊ लागला की तिला आपण कुठे बॉल धरतोय ते स्वतःलाच ऐकू येतं.

मोबाइल जमिनीलगत, तिच्या बाजूला ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. समोरून काढलेल्या व्हिडिओत पिव्हट पाय सुटल्याचं दिसत नाही, बाजूने दिसतं. आणि पुढच्या सामन्यानंतर, शिट्टी पटली नसेल तर, तिला स्वतःला पंचांकडे जाऊन नम्रपणे विचारू द्या. तुम्ही नको, तीच. "सर, ट्रॅव्हल का दिलं?" असं विचारलं तर "स्टेप्स झाल्या" एवढंच उत्तर मिळेल. तिने विचारावं, "सर, माझा पिव्हट कोणता पाय धरला होता?" उत्तर "डावा, आणि बॉलआधी सुटला" असं आलं तर खडूच्या रेघेचा सराव वाढवा. "तू पळत घेतलास आणि दोन टाकून ड्रिबल केलास" असं आलं तर फास्ट ब्रेकमधला झेल आणि पहिल्या स्टेपवरचा ड्रिबल यावर काम करा. ते उत्तर काय आलं ते इथे लिहा, जमलं तर बाजूने काढलेला व्हिडिओही टाका. पाहून सांगतो.